कोपऱ्यातली बाज

माय, धाब्यावर, आपल्या घराच्या मातीच्या गच्चीवर, तीन विटांची चूल मांडून आपण ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाड पापड, घालतोय. बाजांवर ओली धोतरं अंथरलेली, आणि गल्लीतल्या बाया पातेल्यातला शिजलेल्या पिठाचा गरम घाटा नेऊन त्यांवर थापताहेत. काम लवकर आटपावं म्हणून मी आणखी चौघींना बोलावून आणलं आणि उलट सगळ्यांचंच रखडलं, कारण पातेलं एकच आणि त्याच्याभोवती गर्दी. सगळ्यांत मागे पडली ती मागच्या घरची वहिनी. "अवं, तुहे बिबडे वाळंपर्यंत दिवाळी येईन!" काकी म्हणाली, आणि मी मोठ्याने हसले. तू पळी खाली ठेवलीस. "काऊन हासतं वं? तिचे हात हळू नाहीत. तिची बाज पार कोपऱ्यात हाये, दरखेपी इथवर यावं लागते तिले. तू बसून पाह्य तिथं." मग तू प्रत्येकीच्या बाजेशी घाट्याने भरलेला एकेक छोटा गंज, वर झाकण घालून, ठेवलास. ऊन तापायच्या आत सगळं उरकलं.

तू गेल्यावर इतक्या वर्षांनी तुला हे लिहितेय, कारण मी पुन्हा तशीच हसले. बुलढाण्याला आमच्या संगणक केंद्रात चार प्रोसेसरचा नवा सर्व्हर आला. तो घ्यायचा हट्ट माझाच. चार प्रोसेसर म्हणजे चौपट वेग, असं मी साहेबांना सांगून बसले होते. कोणाचं काम कुठल्या प्रोसेसरवर चालेल, हेही मीच लावून दिलं. नव्याने लागलेल्या, उंद्रीच्या एका मुलीचं काम चौथ्यावर गेलं, आणि तेच रेंगाळायला लागलं. "मॅडम, माह्या लॅपटॉपवर तं पटकन चालते, इथंच काऊन अटकून राह्यलं?" ती विचारायची. "अंगण वाकडं म्हणू नकोस," मी म्हणाले, आणि खोलीतले सगळे हसले. तिच्या मूल्यमापनात मी शेरा लिहिला: कामाची गती असमाधानकारक. उद्या त्या शेऱ्यावरून तिला नोकरीत कायम करायचं की नाही, ते ठरणार आहे.

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत, तिच्या कामाचा वेळ नेमका कुठे जातो, ते मी सहज मोजून पाहिलं. या मशीनमध्ये प्रत्येक प्रोसेसरच्या शेजारी त्याची स्वतःची मेमरी असते. माझ्या मांडणीत सगळा डेटा पहिल्याच्या मेमरीत जाऊन बसला होता. तिचा प्रोग्राम सगळ्यांत लांबच्या चौथ्यावरून प्रत्येक आकड्यासाठी तिथवर जाऊन परत येत होता, आणि त्याच वाटेवर बाकीच्यांचीही गर्दी. मी डेटा चौघांच्या जवळ वाटून ठेवला. तिचं काम सगळ्यांच्या आधी संपलं. तिच्या प्रोग्रामची एक ओळही मी बदलली नव्हती. मला तुझी पळी खाली ठेवल्याचा आवाज ऐकू आला, आणि डबा तसाच राहिला.

कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला सॉरी म्हणायला फार लवकर शिकवलं. सहीनिशी कागदावर लिहायला कुणी शिकवलं नाही. संध्याकाळपासून तेच करतेय. शेरा मागे घेतल्याचं मूळ पत्र साहेबांना, ते उद्याच्या बैठकीला बसायच्या आधी. एक प्रत त्या मुलीला. ती शिपायाबरोबर पाठवायची नाही, मीच तिच्या टेबलापाशी जाऊन देईन, खोलीत सगळे असताना. एक प्रत माझ्या स्वतःच्या फाइलला. आणि पहिला खर्डा अजून माझ्या पर्समध्ये आहे. त्यात मी 'तांत्रिक कारणामुळे' एवढंच लिहिलं होतं, माझी चूक कुठेच नव्हती. तो कुणालाच द्यायचा नाही.