आत अजून बर्फ आहे

३ मार्च
सासुरवाडीला मुक्काम हलवला. मित्र घरजावई म्हणून चिडवतील, चिडवू देत बापडे. हिचं दुखणं वाढल्यापासून घर, शाळा आणि दवाखाना सांभाळताना माझी पार तारांबळ उडाली होती, तेव्हा सासूबाईंनी आपणहून बोलावलं. वरची उजेडाची खोली दिलीये. गाडीतून उतरल्याबरोबर ही आईच्या गळ्यात पडून रडली आणि मग हसली. कित्येक दिवसांनी हसली. मला इतकं बरं वाटलं की सामान वर नेताना मी चक्क शीळ घालत होतो.

उन्हाळा काढेल असं वाटत नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी हिला बोललो नाही. पण तिला ते कळलेलं आहे.

५ मार्च
सासूबाईंचं खूळ आज समजलं. स्वयंपाकघरामागच्या खोलीत कपाटाएवढा फ्रीझ ड्रायर आहे, कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेला. जिन्नस आधी दगडासारखा गोठवायचा. मग पंप आतली हवा ओढून घेतो आणि बर्फाचं पाणी न होता थेट वाफच होते. मी भूगोलाचा मास्तर, तरी हे डोक्यात शिरायला वेळ लागला. स्ट्रॉबेरी तशीच लालभडक, पण हातात घेतली तर वजनच नाही. पाणी घातलं की पुन्हा ताजी. वर्षानुवर्षं टिकतं म्हणे. वाटाणे, सूप, उकडलेली अंडी, सगळ्या भिंती बरण्यांनी भरल्यात. मी एक अंडं तसंच कोरडं तोंडात टाकलं. खडू खाल्ल्यासारखं लागलं, म्हणजे धंद्यातलीच चव. सासूबाई पोट धरून हसल्या.

मग एकदम गंभीर होऊन त्यांनी बजावलं, की काढायच्या आधी हात लावून बघायचं. गार लागलं तर आत अजून बर्फ आहे. घाईनं अर्धवट काढलं की नासतं, आणि मग काही करता येत नाही.

८ मार्च, रविवार
आज सासऱ्यांची भेट झाली. ते वारले असं हिनं मला लग्नाआधी सांगितलं होतं.

मी शुद्धीवर आहे. सासूबाईंनी त्यांना उंच कपाटातून काढलं, घडी केलेल्या पांघरुणासारखं एका हातावर घेतलं आणि न्हाणीघरात नेलं. कोमट पाणी, एकेक पेला. दुपारी त्यांनी डोळे उघडले. हिला ओळखलं. शाळेची परीक्षा कशी गेली असं विचारलं. बरी गेली, म्हणाली ही. संध्याकाळी त्यांचा तोच जुना खोकला सुरू झाला, तसं सासूबाईंनी त्यांना परत मशीनमध्ये नेलं. पाणी आलं की दुखणंही येतं, म्हणाल्या. औषध निघेपर्यंत नीट ठेवायचं, बस्स.

आपल्याला इथे का बोलावलं ते मला तेव्हा कळलं.

११ मार्च
कडाक्याचं भांडण. मी नाही म्हटलं, हजारदा नाही म्हटलं. बॅगाही भरल्या. ही शांतपणे म्हणाली की तिला असं रोज थोडंथोडं नासायचं नाही. वर माझी थट्टाच केली, की मी टक्कल पडलेला म्हातारा होईन तरी ती अशीच तरुण राहील, मग लोक काय म्हणतील. मी हसलो आणि हसताहसता रडायला लागलो. बॅगा पुन्हा रिकाम्या केल्या. दुसरं काय देणार होतो मी तिला?

१४ मार्च
झालं. झोपेचं औषध लागेपर्यंत हात धरून बसलो होतो. मग सासूबाईंनी हिला गोठवलं, आता पंप चालू आहे. मशीनच्या दाराला काच आहे. आतल्या भिंतींवर पांढरा बर्फ धरायला लागलाय, तो हिच्यातलाच. सासूबाई म्हणाल्या बघत बसू नका, दोन घास खाऊन घ्या. मी ताट काचेसमोरच घेऊन बसलो.

१६ मार्च
पंपाची घरघर घरभर. काचेतून पापणी हलताना दिसली. सासूबाई म्हणतात तसं होतंच, कातडी आवळते. कातडी आवळली की ओठ हलतात? ती मला हाक मारत होती. मी पाहिलं —

१७ मार्च
सासूबाई बाजारात गेल्या आणि मी पंप बंद केला. झडप उघडली, हवा शिट्टी मारत आत घुसली. ही वरून कोरडी, गाल कागदी. छातीवर हात ठेवला.

गार.

आत अजून बर्फ आहे. मला सांगितलं होतं, तरी मी —

सासूबाई बाजारातून परतल्या. दारातच खाली बसल्या. इतकी वर्षं एक जिन्नस नासू दिला नव्हता मी, म्हणाल्या. मग पदरात तोंड घालून रडल्या.

१८ मार्च
आतून वितळतेय. डोळे उघडलेत. वास येतोय. पुन्हा गोठवून बघू, आशा नाही, पण बघू, असं सासूबाई म्हणतात. तिला उघड्या हातांनी धरू नका, मोजे घाला, कोरडं झालेलं मिळेल तिथून ओल ओढतं, म्हणाल्या.

मोजे घातले होते. मग काढले. तिचा हात नीट धरायचासुद्धा नाही, तर मी —

१९ मार्च
गाल भरले! वास गेला. बोटं गुलाबी. सकाळी हसली माझ्याकडे बघून.

माझी जीभ टाळूला चिकटते. पाणी पितो, पुरत नाही. डावा हात तिच्या हातात. हलका झालाय. चालेल. सगळं घे म्हटलं —

दुपार
दुखणं परत आलं. पूर्वीपेक्षा जास्त. किंचाळतेय. सोड म्हणते, मला पुन्हा कोरडी होऊ दे, सोड. सासूबाई आमची बोटं सोडवायला बघतात. माझी तुटतील असं वाटून थांबतात. हिच्या अंगात जेवढं पाणी जातंय तेवढी ही जास्त —

सोडतो गं. सोडतोच आहे. बोटं उघडत ना