पेटीवरचे लाल दिवे

३ तारीख, सोमवार.
नातीने पेटी आणली. गाण्याची, पण ना भाता ना पट्ट्या. सोळा बटणं एका रांगेत. बटण दाबलं की त्यात लाल दिवा लागतो, आणि आत भरून ठेवलेला आवाज निघतो. दार आपटल्याचा, झाकणाचा, वाटेल तो. माझाही भरला. मी विचारत होते, कुठलं बटण गं? तेवढंच पकडलं पोरीने.
रविवारी सभागृहात तिचा कार्यक्रम. पहिलाच.
मी ठरवलंय, पेटी शिकायची. शाळा चौथीपर्यंत, पण तीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात काजं-बटणं केली. बटणातलं मला कोण शिकवणार?

४, मंगळवार. दुपार.
नात जेवायला उठली, दिवे तसेच जळते. काही वळण म्हणून नाही. कारखान्यात शेवटी निघेल तिने सगळे दिवे मालवायचे, पहारेकऱ्यासाठी एक ठेवायचा. मी एकेक बटण दाबून मालवले. बाजूची गोल खुंटी फिरवली की त्याच बटणांवर दुसरी रांग पेटते. अशा आठ रांगा! कमरेला रग लागली. शेवटच्या रांगेत एक ठेवला.
शिकलेच म्हणायची.

५, बुधवार.
नात फणफणतेय. म्हणे बसवलेलं सगळं पुसलं गेलं. मी म्हटलं, नवीन यंत्र आहे, रुळेल. सून म्हणाली, आई, तुम्ही हात नाही ना लावलात? छे! मी फक्त आवरलं. आवरणं म्हणजे काय हात लावणं?
संध्याकाळी परत तेच. दिवे जळते. मालवले. या घरात मी नसते तर काय झालं असतं कोण जाणे.

७, शुक्रवार.
नातीने पेटी मेकॅनिककडे नेली. तो म्हणाला, बिघाड काहीच नाही, निगुतीने वापरलेली दिसते. ती निगुती कोणाची, ते कोणी विचारलं नाही. असो.
नात रडली. म्हणाली, रविवारी ही अशीच गप्प बसली तर मला परत कोण बोलावणार गं आजी? म्हटलं, मी येते पेटीवर लक्ष ठेवायला. नको म्हणाली. म्हणजे ये.

८, शनिवार.
पोरगी पेटीजवळून हलत नाही. जेवलीही तिथेच. माझे हात नुसते शिवशिवतायत. शर्टाच्या बटणांचा माझा डबा चारदा उपसून लावला.

९, रविवार. घरी आल्यावर.
सभागृह गच्च. नात तोंडावर पाणी मारायला गेली आणि पेटी एकटी, दिव्यांसकट. चारचौघांत काय ही शोभा! उठले, मंचावर जाऊन आठही रांगा आवरल्या. एक ठेवला.
नातीने येऊन पेटी सुरू केली. शांतता. मग माझाच आवाज, कुठलं बटण गं? परत शांतता. परत, कुठलं बटण गं? लोक हसून लोटपोट. चौथ्यांदा अख्खं सभागृह माझ्याबरोबर विचारायला लागलं. मी उभी राहून नमस्कार केला.
नातीने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि काय बोटं चालवली म्हणता! माझ्या दोन प्रश्नांच्या मधे झाकण, दार, सगळं हाताने वाजवलं. घामाघूम. टाळ्या थांबेनात. संयोजकांनी पुढच्या महिन्यात परत बोलावलंय.
परतताना पोरीने पेटी छातीशी धरून ठेवली, माझ्या हाती दिली नाही. गहिवरली असणार.

१०, सोमवार. सकाळ.
नातीने समोर बसवून सांगितलं. आजी, एक दिवा म्हणजे एक आवाज. तू ठेवायचीस तो तुझाच. आठवडाभर तू माझं गाणं मालवत होतीस.
ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून आधी हसली, मग रडली. पेटी कपाटात ठेवली. किल्ली सुनेकडे. बोटसुद्धा लावणार नाही, मी शपथ घेतली.

दुपार.
कपाटाच्या फटीतून लाल उजेड येतोय. बंद करायला विसरली वाटतं. मी तिकडे पाठ करून बसलेय.

चार वाजता.
अजून जळतोय. सून किल्ली कुठे ठेवते ते मला माहीत आहे. नुसतं माहीत आहे.