नको म्हटलं तरी चालतं

आप्पा, कालपासून एक गोष्ट मनातून जात नाही आणि घरात कुणाला सांगवत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. तुमची नात तळवड्याजवळच्या कॉलेजात सॉफ्टवेअरच्या मुलांना संशोधन शिकवते. सॉफ्टवेअर जी माणसं वापरणार त्यांचं कुठं अडतं, हे आपल्या मनानं ठरवायचं नाही, त्यांना भेटून विचारायचं, असा काहीसा विषय. मुलांना सरावासाठी एखादा जुना कामगार हवा होता. "बाबा, तुम्हीच या," म्हणाली. माझ्या अर्धवट शिक्षणामुळं तिचं हसं होईल, ही धास्ती घेऊनच गेलो.

वर्गात एका विद्यार्थिनीनं फोन रेकॉर्डिंगला लावला आणि म्हणाली, "आजोबा, नको वाटेल त्या प्रश्नाला नको म्हणा. मध्येच उठून गेलात तरी चालेल. कारण विचारणार नाही." मी आमच्या पोरीकडं बघितलं. "खरंच का गं, की नुसतं म्हणायचं असतं?"

"खरंच, बाबा."

"मग हिचे मार्क नाही ना कापणार?"

"तुम्हाला आग्रह केला तर कापीन."

वर्ग हसला. मला हसू येईना. शिफ्ट, ओव्हरटाइम, चाकणच्या प्लांटला बदली, सगळा जन्म कंपनीत गेला, पण असं मला कुणी कधी म्हणालं नव्हतं.

तिनं मशीनचं विचारलं, मोबाईलवरच्या हजेरीचं विचारलं, किती शिकलात ते विचारलं. सांगितलं. मग सहज म्हणाली, "शाळा सातवीतच का सोडली?" तोंडातून "नको" निघून गेलं. वाटलं, पोरीच्या वर्गात मीच घोळ घातला. पण त्या मुलीनं लगेच फोन बंद केला. "आधीचंही पुसून टाकू का, आजोबा?" एवढंच. कुणी रागावलं नाही, कुणी खोदून विचारलं नाही.

तेव्हापासून ती सकाळ डोळ्यांसमोरून हलत नाही. शाळेच्या कपड्यांत मी सायकलच्या दांडीवर बसलोय. शाळेचं वळण मागं टाकून तुम्ही सरळ चिंचवडच्या वर्कशॉपला नेताय. मालक विचारतोय, "पोरगं तयार आहे का?" आणि माझ्याकडं न बघता तुम्ही म्हणताय, "व्हय, हाय की."

आई अंथरुणाला खिळलेली, तुमचं काम सुटलेलं. मला सगळं दिसत होतं. विचारलं असतंत तर मी हो म्हणालो असतो, आप्पा. तरी विचारायला हवं होतं. हा कागद कुठं धाडायचा नाही, ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी 'विचारायला हवं होतं' ही ओळ तुम्ही रागवाल म्हणून दोनदा खोडली आणि पुन्हा लिहिली.