एकच पिवळा चष्मा

३ नोव्हेंबर १९८६, सोमवार

आजपासून रोजनिशी. खरं तर हा संकल्प एक तारखेचा होता, पण एक तारखेला शनिवार आला आणि शनिवारी कोणी संकल्प करत नाही.

गावात सगळे म्हणतात, डॅरिलने कॉलेज अर्धवट सोडलं. साफ चूक. कॉलेज माझ्या योग्यतेचं नव्हतं आणि नोरीन इथे होती. दोन्ही कारणं भक्कम.

नोरीन औषधांच्या दुकानातल्या काउंटरवर असते, कॉफी-सँडविच देते. आज तिने माझा कप न विचारता भरला. दोनदा! आईला सांगितलं तर म्हणते, अरे वेड्या, तिथे सगळ्यांचेच कप न विचारता भरतात. आईला प्रेमातलं काही कळत नाही.

दुकान बंद झालं की केंट तिला लाल गाडीतून घरी सोडतो. तिच्या मनात नसणारच. ती हसत होती, पण ते वरवरचं.

केंटचं काहीतरी करायला हवं.

५ नोव्हेंबर, बुधवार

घेतलं!

शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतोय, त्यामुळे ऑर्व्हिलच्या गहाणवटीच्या दुकानात जत्रा होती. ज्याला त्याला उन्हाळ्यात गहाण टाकलेली रायफल सोडवून न्यायची घाई. भिंत पार रिकामी. काचेच्या कपाटात मात्र ते एकटं, निकेल चढवलेलं, मोतिया रंगाच्या मुठीचं. माझीच वाट बघत असल्यासारखं. किंमत चाळीस डॉलर! अशा रिव्हॉल्व्हरला दुसरीकडे शंभरसुद्धा मागतील. ऑर्व्हिलला धंदा जमत नाही.

त्याने विचारलं, पोरा, वापरायचंय की भिंतीवर टांगायचंय? भिंतीवर फार छान दिसेल हो. मी म्हटलं, स्वसंरक्षणासाठी. रांगेतला एक जण म्हणाला, कोणापासून रे बाबा, आईच्या स्वयंपाकापासून? सगळी रांग हसली. मी नाव सांगितलं नाही. कळेल.

गोळ्या भरायची चकरी जरा हलते. हलते म्हणजे सरावलेली आहे. नवीन वस्तू आवळ असतात.

८ नोव्हेंबर, शनिवार

आख्खा गाव रानात. मी जुन्या दगडाच्या खाणीवर. चरबीचा रिकामा डबा ठेवून सहा गोळ्या झाडल्या. डब्याला काही झालं नाही. वारा होता.

दर गोळीला उजव्या गालावर काहीतरी टोचत होतं. घरी येईपर्यंत गाल लाल. आईने चिमट्याने शिशाचे बारीक कपचे काढले आणि बशीत एकेक करून मोजले. आई मोजते तेव्हा मला आवडत नाही.

व्हर्नन मामा हरीण घेऊन आला होता, आनंदात होता. त्याने रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, घोडा मागे ओढला, चकरी हलवली आणि म्हणाला, हे काय, पडायला आलेला दात आहे का? चकरीचं भोक नळीसमोर नीट येत नाही, गोळीची कड खरवडून निघते आणि ते शिसं बाजूला उडतं. तुझ्या पुढे उभा राहणारा वाचेल रे, शेजारी उभा राहणाऱ्याचं काही खरं नाही.

मामाला स्वतःला एक बोट नाही, ते करवतीने गेलं. त्याने दुसऱ्याला शिकवू नये.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शिशावर उपाय सापडला. नेमबाजांचा पिवळा चष्मा. एकच घेतला, नेमबाजही एकच आहे. आरशात पाहिलं. गालावरच्या खुणांमुळे चेहऱ्याला अनुभव आल्यासारखा वाटतो.

काउंटरवर चष्मा घालूनच गेलो. नोरीनने विचारलं, डोळे आले का? काळजी! तिच्या आवाजात स्पष्ट काळजी होती.

आज तिने कप एकदाच भरला. गर्दी होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी औषधांच्या दुकानासमोर पिकअप ट्रक लावून बसलो. काल बसलो होतो तिथेच. ते सीटखाली होतं. कशासाठी असं नाही, असावं म्हणून.

केंट आला. हॉर्न वाजवला. माझा हात सीटखाली गेला. मी नेला नाही, गेला.

तेवढ्यात नोरीन रस्ता ओलांडून सरळ माझ्या खिडकीशी आली. म्हणाली, डॅरिल, तुझ्याशी एकदा नीट बोलायचंय, पण इथे लोकांसमोर नको. माझ्या कानात नुसती घंटा वाजत होती. मी म्हटलं, रविवारी, चर्चनंतर, खाणीवर. ती म्हणाली, खाणीवर कशाला? मी म्हटलं, गंमत आहे. तिने केंटकडे पाहिलं आणि म्हणाली, बरं, पण केंट बरोबर येईल आणि पाच मिनिटांच्या वर मी थांबणार नाही.

पाच मिनिटं पुरे. माणसाला कायमचं समजून घ्यायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

केंट येतोय हेही उत्तम. बघू दे.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

झोप नाही. चर्चला गेलो नाही. आईने विचारलं, कुठे? मी म्हटलं, हवा खायला. ती माझ्या कोटाच्या खिशाकडे बघत राहिली. व्हर्ननला बोलावू का, म्हणाली. मी म्हटलं, कशाला, त्याला दुसरं हरीण मिळालं का? ती हसली नाही.

बेत सोपा आहे. पाच डबे, पाच गोळ्या. नोरीन शेजारी उभी. केंट गाडीपाशी. जे काही आहे ते त्याला न बोलता कळेल.

चकरीत गोळ्या सहा बसतात. सहावी कशासाठी ते ठरवलेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

ती निळ्या कोटात आली. केंट गाडीला टेकून उभा राहिला. ती म्हणाली, डॅरिल, मला एकच सांगायचंय. मी म्हटलं, आधी बघ. आणि ते बाहेर काढलं.

ती म्हणाली, ते खाली ठेव. केंट तिकडून ओरडला, नोरीन, मागे ये. ती मागे गेली नाही. उलट पुढे आली, माझ्या उजवीकडे, आणि माझ्या कोपरावर हात ठेवला. पहिल्यांदाच. मी चष्मा नीट केला आणि चाप ओढला.

डबा पडला! आजपर्यंत एकदाही पडला नव्हता. मी ओरडलो, पाहिलंस? ती खाली बसली होती. मला वाटलं, आवाजाने. तिने एका डोळ्यावर हात दाबून धरला होता आणि मला अगदी हळू आवाजात विचारत होती, काय झालं, डॅरिल, काय झालं?

केंट धावत आला. तिला उचलून गाडीकडे निघाला. त्याची पाठ माझ्याकडे होती. चकरीत पाच गोळ्या होत्या.

मी चष्मा काढला. बास, तेवढंच केलं.

डबा पडला हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शेरीफचा माणूस येऊन गेला. अपघात, असं लिहून घेतलं. मामाकडे बघत म्हणाला, असलं खेळणं कोण विकतं? आणि ते टेबलावर ठेवून गेला.

नोरीन लेक्सिंग्टनच्या इस्पितळात आहे. उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. जानेवारीत ती नर्सिंग शिकायला सिनसिनाटीला जाणार होती. मला हे माहीत नव्हतं. आई म्हणाली, गावात सगळ्यांना माहीत होतं.

तिला मी इस्पितळात भेटणार होतो. उद्या. फुलं पिवळी की पांढरी, एवढंच ठरायचं होतं.

दुपारी आई नोरीनच्या घरी कोंबडी घातलेल्या शेवयांचं भांडं घेऊन गेली. इथे कोणाच्या घरी काही झालं की भांडं जातं, आणि धुऊन परत येतं, मग भांडण असो की वैर. आमचं भांडं नोरीनच्या आईने व्हरांड्यातूनच परत दिलं. वरचा कागदही काढलेला नव्हता. शेवया अजून गरम होत्या.

वर निरोप दिला. त्या दिवशी पोरगी तुमच्या मुलाला एवढंच सांगायला गेली होती की, काउंटरवर येऊ नकोस आणि मागे मागे फिरू नकोस, मला भीती वाटते. त्याला लोकांसमोर वाईट वाटू नये म्हणून खाणीपर्यंत गेली.

आईने ते भांडं ओट्यावर ठेवलं. रात्री आम्ही जेवलो नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑर्व्हिलकडे गेलो. मोसम संपल्यावर रायफली परत भिंतीवर आल्या होत्या. त्याने घोडा ओढला, अंगठ्याने चकरी हलवली आणि म्हणाला, हलतंय की रे हे. जणू आजच कळलं. दहा डॉलर दिले. रुमालाने पुसून ते पुन्हा काचेत ठेवलं, चमकणारी बाजू वर.

मी दारापर्यंत पोचलो नाही तोच एक जण ते बघायला मागत होता. माझ्याहून थोडा मोठा, लग्नाची अंगठी नवी. मी परत फिरलो आणि म्हणालो, चकरी हलते त्याची. तो म्हणाला, हलते म्हणजे सरावलेली आहे.

मी खिशातला पिवळा चष्मा काढून त्याच्यापुढे ठेवला. फुकट. त्याने लगेच घातला आणि ऑर्व्हिलला विचारलं, आरसा आहे का?

मी म्हटलं, शेजारी कोणाला उभं करू नकोस.

तो आरशात बघत होता.