शेवटच्या आळ्यापर्यंत

तीर्थरूप नाना,

बेंगळुरूहून तुमच्या जागृतीचा नमस्कार, तुम्हाला आणि वाडीतल्या केळींनाही.

मी मजेत आहे. हात पूर्वीइतकेच थरथरतात. माऊस स्थिर धरता येत नाही म्हणूनच मला ही नोकरी मिळाली, हे आईला अजून खरं वाटत नसेल. माझ्यासारख्यांना वापरता येतात का हे तपासायला मी वेबसाइट नुसत्या कीबोर्डवर चालवून बघते. टॅब दाबला की ब्राउझरमध्ये एक निळी चौकट एका रकान्यातून पुढच्या रकान्यात सरकते. दुपारी ती सरकताना बघता बघता पडदाच विरून जातो आणि आपली आगाशीची वाडी दिसायला लागते. तुम्ही फावड्याने पाणी वळवताय, केळींच्या बुंध्याभोवतीचं एकेक आळं भरतंय आणि मी बांधावर बसून "भरलं" म्हणतेय.

परवा एका फॉर्मवर चौकट शेवटचं बटण सोडून परत वर गेली. फॉर्म बनवणारा प्रणव म्हणाला, "माऊसने होतंय की." मी त्याचा माऊस माझ्या डब्याच्या पिशवीत टाकला. संध्याकाळपर्यंत त्याने फॉर्म दुरुस्त केला आणि पाणी शेवटच्या आळ्यात पोचलं. मी इतक्या मोठ्याने "भरलं" म्हटलं की सगळे वळून बघायला लागले.

आईचे गुडघे कसे आहेत? सोनचाफा फुलला का?

हे पत्र मीच टाइप केलंय, फक्त चार दिवस लागले. माझं एकच बोट ऐकतं, पण ते नीट ऐकतं.

बांधावर आता कोण बसतं? जो बसेल त्याला बसू द्या. माझी जागा तेवढी राखून ठेवा.

तुमची बांधावरची,
जागृती