वहिनीची निळी शाल

चि. छकुलीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. तुझ्या भाच्याचा योगवर्ग जोरात चाललाय. भिंतीवर यम-नियम वळणदार अक्षरांत रंगवलेत. अहिंसा सर्वांत वर, म्हणून या घरात माझ्यावर कोणी आवाज चढवत नाही.

परवा अपरिग्रहाचा पाठ होता. त्यानं मला सगळ्यांपुढे बसवलं आणि माझ्या उशीखालची तुझ्या वहिनीची निळी शाल आणवली. गोड आवाजात म्हणाला, "बाबा, आई गेली. आता हिला काय कवटाळून बसलात? स्वतःच्या हातानं सोडा."

मी तुझ्या वहिनीला आवडणारी शाळेतली एक कविता म्हणू लागलो, तर म्हणाला, "वाणीचा संयम, बाबा." शिष्य हसले. शाल दानपेटीत टाकली तेव्हा टाळ्या वाजल्या.

संध्याकाळी सूनबाई तीच पांघरून ध्यानाला बसली होती. तिला शोभते. खोटं कशाला बोलू, सत्य दुसऱ्या ओळीत आहे.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनीनं तुला विणून दिलेला मफलर आहे ना अजून? पाठवू नकोस, इथे तोही सोडावा लागेल. एकदा नाकाशी धर आणि तिचा वास येतो का, तेवढं कळव.

पाठ झालेलं काहीच न विसरलेला,
तुझा दादा