तुऱ्याचा फेटा कलगीच्या सावलीत

माधवनगर, ता. १२ मार्च १९७४

तीर्थरूप दाजी हंबीरराव यांच्या पायाशी मेव्हणा आकाराम याचा दंडवत. पोटाचे टाके आता ओढत नसतील, भूक लागत असेल. तुमचा चष्मा फुटलाय, तेव्हा हे पत्र चंद्राक्कानं मोठ्यानं वाचावं (अक्का, चौथी पास झालीस ती आजच्यासाठीच). तुम्ही आडवंच राहावं आणि संतापू नये.

पोटाचं ऑपरेशन करून मिरजेच्या डॉक्टरनं चार महिने गाऊ नका म्हटलं, त्याला आता वर्ष व्हायला आलं. तुमचा डफ खुंटीवरच. कुणी गा म्हटलं की तुम्ही भिंतीकडं तोंड करता. तसंच भिंतीकडं बघत तुम्ही मला सांगितलंत, की माधवनगरच्या जत्रेत कलगी-तुऱ्याचा सामना हाय, माझा तुरा लावलेला फेटा बांधून जा आणि आपला तुऱ्याचा फड कसा गातो ते खरंखरं कळव. आता मला गाण्यातलं कळतं किती? दाढी करताना रेडिओ लावतो, तेवढंच. तुरेवाले शंकराचे, कलगीवाले शक्तीचे, दोघं एकमेकांना गाण्यातून सवाल घालतात, एवढं ठाऊक होतं. पण कुणाची माणसं कुठं बसतात, हे तुम्ही कुठं सांगितलं होतं?

दुपारचं ऊन लय तापलेलं. एका बाजूला चिंचेची सावली होती, तिथं जाऊन बसलो. लोक माझ्या डोक्याकडं टकामका बघायला लागले. मला वाटलं फेटा शोभतोय, म्हणून मान आणखी ताठ केली. तेवढ्यात कलगीचे शाहीर रहिमानभाई डफ थांबवून मोठ्या अदबीनं म्हणाले, की हंबीररावांचा तुरा आज कलगीच्या सावलीला आला, आमचं भाग्य. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या (चारचौघं वाजवत असताना हात बांधून बसणं बरं दिसत नाही).

मग त्यांनी सवाल टाकला. सारं जग शंकराचं ध्यान करतं, तर शंकर डोळे मिटून कुणाचं ध्यान करतो? तुमचे चेले आप्पासो नुसतेच घाम पुसत उभे. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की आपण परक्या फडात बसलोय. काय वाट्टेल ते होवो, दाजींचा फेटा आपल्या बाजूला न्यायचाच, असं ठरवून उठलो आणि दोन्ही फडांच्या मधनं तडक चालत गेलो. सवाल पडलेला असताना तुरेवाला मधनं आडवा गेला की त्याच्या बाजूनं हार मानली, हा रिवाज आप्पासोंनी मला मागाहून सांगितला, तोही कपाळावर हात मारून घेत.

रहिमानभाईंनी फेटा हळूच उतरवून घेतला. म्हणाले, "हंबीररावास्नी सांगा, उत्तर गाऊन फेटा न्यावा. न्हाई जमलं तर ऱ्हाऊ द्या, आमी जपू."

दाजी, ते 'ऱ्हाऊ द्या' मला लय लागलं. तुमचं गाणं मला कळत नाही, पण तुम्ही गात होता तेव्हा घर कसं भरलेलं वाटायचं, ते कळतं. मी तिथल्या तिथं लाऊडस्पीकरवर सांगून टाकलं, की पाडव्यानंतरच्या रविवारी विश्रामबागेत हंबीरराव स्वतः उत्तर गातील. तुम्हाला विचारलं नाही, माफी असावी. शब्द मात्र मागं घेणार नाही. चालवत नसेल तर गाडीत घालून आणीन.

तुमचा आज्ञाधारक (एवढी एक गोष्ट सोडून),
आकाराम

ता. क. आप्पासो म्हणत होते, त्या सवालाचं उत्तर आता हंबीररावांना तरी कुठं आठवत असणार? खरंखरं कळव म्हणालात, म्हणून हेही कळवलं.

आणखी एक ता. क. अक्का, इथनं पुढं मनातल्या मनात वाच. फेटा रहिमानभाईंनी त्याच सांजेला परत दिला. माझ्या ट्रंकेत हाय, तुऱ्याचा एक मोतीसुद्धा हललेला नाही. ते म्हणाले, हंबीरराव गात न्हाईत तर मी सवाल घालू कुणाला? हे पत्र आम्ही दोघांनी बसून लिहिलंय. दाजी उठून बसले असतील आणि मला शिव्या देत असतील, तर डफ खुंटीवरनं काढ आणि चुलीपाशी धर. वर्षभरात चामडं सैल पडलं असेल.